दोन-चारचा हात

बांगड्या भरायला मी नागपूरहून मुद्दाम कामठीच्या बाजारात जाते. तिथली ती बांगडीवाली मापाची कडी कधी वापरत नाही. गिऱ्हाइकाचा पंजा हातात घेते, अंगठ्याच्या बुडाशी दाबते आणि माप सांगते, "दोन-चार." इतक्या वर्षांत तिच्या हातून एक बांगडी फुटलेली मी पाहिली नाही.

यंदा तिच्याशेजारी बसणारी तिची मुलगी दिसली नाही, म्हणून विचारलं.

"अपघातात गेली वं बाई. डॉक्टरनं तिचे हात मांगतले, हात तुटलेल्या कोण्या पोरीले लावाले. म्या देऊन टाकले." माझा पंजा तिनं सोडला नव्हता. "तिची मयत घरी आणली तवा तिले बनावटी हात लावले होते. म्या बांगड्या भराले बसली, तर तीन टिचून वाढल्या. माह्या हातून, पयल्यांदाच! तो पंजा दबतच नव्हता ना."

 ती हसली आणि शेवटची हिरवी बांगडी अलगद माझ्या मनगटावर चढवली.

"तिचे खरे हात लय नरम. आता कोण्या गावचा कासार तेच हात दाबून म्हनत असन, दोन-चार."