मूठ समोरच्याकडं

बायडाआत्याकडे चिरायला शिकायचं तर आधी कानफटात खावी लागायची. चूक व्हायच्या आधीच. "ही आगाऊ," ती म्हणायची, "रगत सांडण्यापरीस डोळ्यातनं पानी सांडल्यालं बरं."

सत्तरच्या दशकात शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळातल्या आया सकाळीच विड्या वळायला कारखान्यात जायच्या. मागे चूल सांभाळायला आम्ही आठ-नऊ वर्षांच्या पोरी. विळी-सुरी आम्हाला शिकवायचं काम शेजारच्या आत्यानं आपणहून अंगावर घेतलं होतं. ती मंगळवेढ्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली; अंगानं काटक, तोंडानं फटकळ. पहिल्या दिवशी तिनं शेळीचा पाय पाटावर ठेवला आणि कोयत्याच्या एका घावात हाड तोडलं. "ह्ये हाड हाय. तुमचं बोट म्हंजी काकडी." दोन पोरी रडत घरी पळाल्या. मला पळायचीही भीती वाटली, म्हणून मी राहिले.

विळी उभी सोडून उठायचं नाही. सुरी निसटली तर पाय मागं घ्यायचा, झेलायला जायचं नाही. आणि ती कुणाच्या हातात द्यायची नाही, भांडण लागतं. खाली ठेवायची, मूठ समोरच्याकडं, पातं आपल्याकडं. हे तिनं माझ्याकडून इतकं घोटून घेतलं, की शाळेत मी पेन्सिलसुद्धा बाकावर ठेवूनच द्यायची. चुकलं की लाटणं बसायचं.

आत्या स्वतःही मार खायची. तिचा नवरा शिवाप्पा मागावर कामाला होता; प्यायला की तिला बडवायचा. भिंतीवर तिचं डोकं आपटल्याचा आवाज आमच्या घरात यायचा, आणि माझी आई भाकरी अजून जोरात थापायची. मला आईचा तेव्हा फार राग यायचा. आजही येतो.

एका दुपारी मी आत्याकडे वांगी चिरत होते. शिवाप्पा आला तो तिच्या झिंज्या धरूनच. दोनदा तिचं तोंड चौकटीवर आपटलं. ती पाट्याजवळ कोसळली, नाकातून रक्ताची धार लागली. "आज हिला ठिवतच न्हाय," म्हणत त्यानं माझ्यापुढं हात पसरला. "दे ती सुरी."

"हातात द्यायची न्हाय. भांडण लागतंय," मी म्हणाले, आणि सुरी खाली ठेवली. मूठ त्याच्याकडं.

तो वाकला. मुठीवर त्याचा हात पडला तोच आत्यानं उठून अनवाणी पाय पात्यावर दाबला. त्यानं सुरी हिसडली. तिचा तळवा टाचेपर्यंत फाटला, तरी पाय हलला नाही. पाट्यावरचा वरवंटा उचलून तिनं त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखला, शेळीच्या पायाचा. तो बोंबलत बाहेर पळाला. पुढं त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नाही. तो हात धड वर जातच नव्हता.

मी भिंतीला चिकटून रडत होते. रक्तात बसूनच आत्यानं मला ओढलं, एक कानफटात दिली आणि मग छातीशी घट्ट धरलं. "चुकलं माजंच की गं पोरी. अर्दंच शिकवलं. मूठ समोरच्याकडं खरी, पर समोर कोन हाय त्ये आदी बगायचं."

आत्या शेवटपर्यंत लंगडत चालली. प्रत्येक नव्या पोरीला तो फाटलेला तळवा दाखवून उरलेलं अर्धंही शिकवायची. तिला जाऊन खूप वर्षं झाली. आता माझी नात भाजी चिरायला सुरी मागते. मी ती ओट्यावर ठेवते, मूठ तिच्याकडं. पण ठेवण्याआधी दरवेळी मान वर करून तिचं तोंड बघते.

ती हसते. "आजी, मीच आहे गं."