डाव्या डोळ्याचं कॅलेंडर

पुलाचा कठडा वाकलेला दिसायला लागला, तेव्हा पाखरूताईंनी आधी लेन्सला शिव्या घातल्या.

थंडीचे दिवस होते. नदीवर धुकं साचलं होतं आणि कठड्यावर कुरव पक्षी पंखात माना खुपसून ओळीने बसले होते. मागून सकाळची बस दिवे लावून येत होती. ताईंना नेमकं हेच हवं होतं. पांढरे पक्षी, पिवळे दिवे आणि मधे धुकं. पण कॅमेऱ्यातून पाहिलं तर सरळसोट लोखंडी कठडा पोटात गुद्दा बसल्यासारखा आत गेलेला आणि मधला कुरव अर्धा गायब. ताईंनी लेन्स पुसली. फुंकर मारली. पुन्हा पुसली. शेवटी वैतागून कॅमेरा खाली घेतला, डावा डोळा मिटला आणि नुसत्या उजव्याने समोर पाहिलं. दिव्याचा खांबही वाकडाच होता.

"म्हणजे लेन्स धडधाकट आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. तोवर बस निघून गेली होती.

ताईंचं बाजाराच्या कोपऱ्यावर फोटोचं दुकान होतं. एक स्टूल, एक पांढरा पडदा, दोन छत्र्यांचे दिवे आणि केस विंचरायला एक आरसा. दिवसभर ओळखपत्राचे फोटो. "हनुवटी खाली, खांदे सैल, हसू नका," हे त्या झोपेतही बोलतात असं त्यांचा नवरा सगळ्यांना सांगायचा. पण दुकान उघडायच्या आधीचा वेळ आणि सुटीचा दिवस मात्र पक्ष्यांचा. तोही शहरातल्याच पक्ष्यांचा. जंगलात पक्षी शोभतोच, त्यात आपलं काय कौतुक, असं त्यांचं म्हणणं. त्यांना सिग्नलवर बसलेली घार हवी असायची, दवाखान्याच्या गच्चीवर भांडणाऱ्या साळुंक्या हव्या असायच्या. या नादामुळेच आख्ख्या बाजाराने त्यांचं नाव पाखरूताई पाडलं होतं.

दर वर्षी त्यांचं एक भिंतीवरचं कॅलेंडर निघायचं. महिन्याला एक फोटो. छापखान्याचे मालक ते छापायचे. त्यांच्या बोटांवरची शाई कधीच जायची नाही, म्हणून ते शाईकाका. न्हाव्याच्या दुकानापासून बँकेच्या खिडकीपर्यंत सगळीकडे ते कॅलेंडर टांगलेलं असायचं. त्याचा नियम एकच आणि तो ताईंनीच घातलेला. सरत्या वर्षातच काढलेले फोटो त्यात जायचे. डिसेंबरमध्ये कामाला लागायचं, नोव्हेंबर संपता संपता छापायला द्यायचं. या वेळी डिसेंबरचा फोटो हाताशी होता. बाकी सगळं वर्ष अजून जायचं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टर वयाने लहान होत्या, पण बोलायला आडपडदा नव्हता. "उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्यातली बारीक नस तुंबलीय. इंजेक्शनं देऊ, सूज उतरेल. पण मधलं दिसणं पहिल्यासारखं होईल असं मी सांगणार नाही."

"कडेचं दिसेल?"

"कडेचं दिसेल."

"आणि डावा?"

"डावा उत्तम आहे."

"मग झालं तर," ताई म्हणाल्या आणि तरातरा बाहेर पडल्या. जिन्यात मात्र थांबल्या. दुसऱ्या पायरीवर बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. बरोबर आलेला नवरा शेजारी उभा राहिला. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, उगाच बोलणाऱ्यांतला नव्हे. त्याने कॅमेऱ्याची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली आणि एवढंच म्हणाला, "तू म्हणशील तेव्हा निघू."

बातमी फुटायला वेळ लागला नाही. शाईकाका घरी आले, चहा घेतला आणि भीत भीत विषयाला हात घातला.

"ताई, यंदा जुन्यातले फोटो निवडू. न छापलेले कितीतरी असतील तुमच्याकडे."

"असतील की. पण यंदाचं कॅलेंडर यंदाचंच."

"अहो, लोकांना काय कळतंय?"

"मला कळतंय ना, काका."

"निदान फोनवर तरी काढा. पडद्यावर दोन्ही डोळ्यांनी बघता येतं."

"फोनमधे घार म्हणजे माशी दिसते. तुम्ही माशांचं कॅलेंडर छापणार आहात का?"

काकांनी हात जोडले आणि उरलेला चहा संपवला.

म्हणणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी ताईंनी कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला आणि पहिल्यांदा त्यांना आपलं नाक किती मोठं आहे ते कळलं. ते कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर चेपायचं, श्वासाने काच धुरकट व्हायची. उजव्या हाताचा अंगठा नेमका उजव्या डोळ्यात जायचा. सगळ्यात वाईट म्हणजे, पूर्वी उजवा डोळा कॅमेऱ्यात असताना डावा उघडा राहून राखण करायचा, कुठून काय उडत येतंय ते सांगायचा. आता उजव्या डोळ्यासमोर कॅमेऱ्याचं धूडच आडवं आलं. पक्षी चौकटीत शिरायचा तो न सांगता, आणि ताईंचं बोट दाबलं जाईस्तोवर पसार व्हायचा. जानेवारीच्या मध्यापर्यंत त्यांनी पुलावरून जे आणलं त्यात शेपट्या होत्या, अर्धे पंख होते आणि बाकी रिकामं आकाश.

नणंद त्यांच्याकडेच राहायची. शर्टांच्या कारखान्यात काजं करून करून तिची नजर आणि जीभ दोन्ही धारदार झालेली. तिने एका संध्याकाळी ते फोटो पाहिले आणि म्हणाली, "वहिनी, पक्षी सोडून सगळं छान आलंय."

ताईंनी तिच्याकडे रागाने पाहिलं आणि मग दोघीही हसत सुटल्या. हसून झाल्यावर नणंदेने डब्यातून सुई काढली. "उजवा डोळा झाका आणि हिच्यात दोरा ओवा. रोज ओवायचा. एका डोळ्याला अंतर कळत नाही, ते हाताला शिकवावं लागतं. आमच्याकडे एकीचा डोळा गेला, तिने असंच केलं."

"जमलं तिला, वन्सं?"

"महिनाभर बोटं टोचून घेतली. मग जमलं."

ताईंनीही टोचून घेतली. रोज चहा झाला की सुई. दोरा सुईच्या नेढ्यात शिरायचं सोडून हवेतच फिरायचा. पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. आणि बाहेर, त्यांनी आपला पसारा आवरता घेतला. जे उडतं ते नंतर. आधी जे बसतं ते. वाहनतळावर उभ्या गाड्यांच्या टपांवर एक धोबी पक्षी शेपूट हलवत दवाचे थेंब तुडवायचा. तो पटकन उडायचा नाही, त्याला वाट पाहायला लावणं परवडत होतं. तो जानेवारी झाला. कचऱ्याच्या गाडीवर मालकासारखा बसलेला कावळा फेब्रुवारीला मिळाला. झाडांना पालवी फुटली, तेव्हा न्यायालयाच्या घड्याळाच्या मोठ्या काट्यावर खरूची येऊन बसायला लागली. छोटी ससाण्याच्या जातीची पक्षीण ती. काटा खाली झुकला की तीही घसरायची आणि चिडून पुन्हा वर जायची. मार्च तिने दिला.

मग ऊन तापलं आणि पाकोळ्या आल्या.

दर वर्षी त्या उड्डाणपुलाच्या पोटाशी घरटी करायच्या. कात्रीसारखे पंख, आणि वेग असा की माणसाची मान वळेपर्यंत पाकोळी पुलाच्या दुसऱ्या बाजूला. ताईंना फोटो हवा होता तो घरट्यात शिरणाऱ्या पाकोळीचा, आणि खालून बस जात असताना. दोन डोळे चांगले असतानाही तो त्यांना कधी साधला नव्हता.

"मग याच वर्षी कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"पुढच्या वर्षी डावा कसा असेल कोणी पाहिलंय?"

दुसऱ्या सकाळी तो टोपी घालून बरोबर निघाला. राखण करण्याचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं. पुलाच्या खांबाला टेकून तो ओरडायचा, "डावीकडून आली! समोरून दोन! मागे एक आहे, सांभाळ!" आयुष्यभर आरशात बघत गाडी हाकलेल्या माणसाची नजर चौफेर होती, पण पाकोळी बसच्या वेगाने येत नाही. त्याचं "आली" संपेस्तोवर ती घरट्यात जाऊन परत बाहेर पडलेली असायची. कधी कधी तर तो पारव्यालाच "आली" म्हणायचा. रस्त्यावरचे लोक थांबून वर बघायचे.

"अहो, तुम्ही ओरडता तेव्हा मी ऐकत बसते, आणि ती जाते," ताई एकदा कळवळून म्हणाल्या.

तो गप्प झाला. त्या शांततेत ताईंना पहिल्यांदा दुसरं काहीतरी नीट ऐकू आलं. घरट्याकडे झेपावण्याआधी पाकोळी बारीक, चिरकी शीळ घालत होती. आणि आतून पिल्लं उत्तर देत होती. त्या नुसत्याच ऐकत राहिल्या. शीळ, पिल्लांचा गलका, मग पंखांचा फर्र आवाज. दर वेळी हेच, याच क्रमाने.

त्या दिवशी त्यांनी एकही फोटो काढला नाही. नंतर त्यांनी पाकोळीच्या मागे कॅमेरा फिरवणं सोडून दिलं. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर पक्का बसवला, घरट्याच्या तोंडाशी पुलाला जी भेग होती तिच्यावर नजर ठरवली आणि कान टवकारून उभ्या राहिल्या. पिल्लांचा गलका झाला की बोट दाबायचं, डोळ्याची वाट बघायची नाही. नवऱ्याला आता दुसरं काम मिळालं. वळणावर उभं राहून बस दिसली की त्याने हात वर करायचा, आणि ताई चौकटीच्या बाहेर मान काढून तेवढं बघायच्या. एप्रिल असाच गेला. त्या महिन्याला पुलाच्या सावलीत धुळीत लोळणाऱ्या चिमण्यांवर भागवावं लागलं. मे अर्धा सरला. उन्हाने त्यांच्या मानेची साल निघाली. रोज त्याच जागी, त्याच भेगेकडे.

आणि एका सकाळी गलका झाला, बोट दाबलं गेलं, आणि खालून बस चालली होती. पाकोळी पंख अर्धे मिटून, चोच उघडी, भेगेपासून वीतभर अंतरावर. बसच्या खिडकीत एक बाई जांभई देत होती, तीही आली.

ताईंनी तो फोटो आधी डाव्या डोळ्याने पाहिला, मग नवऱ्याला दाखवला. त्याने चष्मा पुसून पाहिला आणि म्हणाला, "या गाडीचा आरसा नीट लावलेला नाही." मग तोंड फिरवून त्याने नाक शिंकरलं. ताईंना त्याचं कौतुक करणं कळत होतं.

जून-जुलैला कालव्यावरचे बगळे आणि बांधकामाच्या क्रेनवर पंख वाळवणारा पाणकावळा मिळाला. ऑगस्ट मात्र हाती लागला नाही. पाऊस असा लागून राहिला की पक्षी कुठे दडले कळेना. ताई रेनकोट घालून रोज बाहेर पडत होत्या. महिना संपताना त्यांच्याकडे एकच धड फोटो होता. पावसात ओथंबलेल्या विजेच्या तारा, खाली छत्र्यांची गर्दी, आणि तारांवर कोणीही नाही.

पुढे पाऊस ओसरला, नदीच्या बंधाऱ्यावर राखी बगळा ध्यान लावून उभा राहायला लागला, आणि नोव्हेंबरात कुरव परतले. सगळे फोटो घेऊन ताई छापखान्यात गेल्या. शाईकाका एकेक बघत "वा" म्हणत होते ते ऑगस्टपाशी अडखळले.

"ताई, यात पक्षी नाही."

"नाहीच आहे. त्या महिन्यात दिसलाच नाही."

"अहो, मागे तुम्ही पावसातली घार काढली होती, ती टाकू ना! किती सुंदर होती!"

"ती दुसऱ्या डोळ्याची आहे," ताई म्हणाल्या. "काका, या डोळ्याला जे दिसलं तेच जाईल. नको असेल तर मी दुसरीकडे छापते."

काकांनी बराच वेळ कान खाजवला. कानाला शाई लागली. मग त्यांनी तो फोटो बाकीच्यांत सरकवला.

कॅलेंडर भिंतींवर लागलं. लोकांना दम कुठला, त्यांनी आधीच सगळे महिने उलटून पाहिले. काकांना फोन यायला लागले की ऑगस्टमधला पक्षी कुठे आहे? न्हाव्याच्या दुकानात त्यावरून दोन तट पडले; एकाला तो छतावर दिसे, दुसऱ्याला छत्रीच्या आड. ताईंना विचारायला लोक दुकानात यायचे, आणि ताई त्यांना स्टुलावर बसवून म्हणायच्या, "नाहीये. खरंच नाहीये. हनुवटी खाली." कोणाचाच विश्वास बसायचा नाही.

घरी नणंद कॅलेंडरसमोर उभी राहून तासभर बघत होती. तिलाही काही सापडलं नाही. "वहिनी, पुढच्या ऑगस्टात तरी?" तिने विचारलं.

"बघू," ताई म्हणाल्या. त्या टेबलापाशी बसून कॅमेऱ्याचा पट्टा आखूड करत होत्या, म्हणजे नाक जरा कमी चेपेल. "डॉक्टरांकडे परवा जायचंय. त्याआधी उद्या सकाळी पुलावर. कुरव आलेत."

नवऱ्याने कोपऱ्यातून टोपी उचलली आणि झटकून दाराशी ठेवली.