पेल्यावर वाजलेला चमचा

माझ्या अंगावर रोज काटा येतो. भुताखेतांमुळे नव्हे, गोळीमुळे. म्हणून या ग्रुपवरचे भुताटकीचे अनुभव वाचताना मला थोडं हसू यायचं. 'सर्रकन काटा आला' असं कुणी लिहिलं की वाटायचं, यांनी कोणती गोळी घेतली असेल? अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आज आहे, असंही म्हणत नाही. जे झालं ते लिहून ठेवतो.

नाशिकला गंगापूर रोडवर, दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघं राहायचो... आता मी राहतो. समोरचा फ्लॅट बरीच वर्षं बंद आहे. मधुमेहाने माझ्या ऑटोनॉमिक नर्व्हज निकामी केल्या. माणूस उभा राहिला की शरीर आपलं बीपी आपणच सांभाळतं. माझं सांभाळत नाही. झटकन उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मी खाली. त्यासाठी दिवसा गोळी. तिने डोक्याला मुंग्या येतात, काटा येतो. ते चालतं. पण गोळीनंतर चार तास आडवं व्हायचं नाही. झालो तर तेच बीपी इतकं चढतं की मेंदूतली नस फुटू शकते.

हे सगळं माझी बायको सुनंदा सांभाळायची. ती मला हाक मारून कधी उठवत नसे. हाकेने मी दचकून उभा राहतो आणि पडतो, हे तिने एकदा पाहिलं होतं. मग बीपी टिकावं म्हणून ती मला ज्या स्टीलच्या पेल्यातून मिठाचं पाणी द्यायची, त्यावर तिने चमचा वाजवायला सुरुवात केली. पहिल्यांदा वाजला की उठून बसायचं. थोड्या वेळाने दुसऱ्यांदा — पलंगाखाली पाय सोडायचे. तिसऱ्यांदा — उभं राहायचं.

"देवाला घंटा, तुम्हाला चमचा," ती म्हणायची. "नैवेद्य मात्र मिठाच्या पाण्याचा!"

माझ्या हातावर काटा दिसला की हसायची. "लागू पडली हो गोळी."

आजारी मी होतो. गेली ती. भाजी घेऊन जिना चढताना, काही न बोलता.

आम्हाला मूलबाळ नाही, अग्नी मीच दिला. अग्नी देणाऱ्याने दहा दिवस जमिनीवर झोपायचं असतं. माझ्या पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा आहेत, डोकं उंच राहावं म्हणून. विंचूरहून आलेल्या आत्याने चटई अंथरली, उशीही दिली नाही. मी वाद घातला नाही. रात्री भिंतीला टेकून बसल्या बसल्याच डोळे मिटायचो.

त्यातल्याच एका दुपारी, खालच्या मजल्यावरून आलेला डबा जेवून सवयीने गोळी घेतली. आत्या माझ्याकडे बघत होती.

"माधवा, तोंड बघ कसं उतरलंय. पड जरा."

"गोळी घेतलीये, आत्या."

"मग तर पडायलाच पायजे. औषध घेऊन कोणी बसून राहतं का? लय शिकला म्हणून असं करतो. पड म्हणते ना!"

समजावून सांगायची ताकद नव्हती. खरं सांगायचं तर, काय होईल याची पर्वाही नव्हती. सपाट जमिनीवर पडलो. आत्या गॅलरीत दिव्याच्या वाती वळायला बसली. मला झोप लागली.

टण्...

स्टीलवर चमचा. मी उठून बसलो. विचार न करता, इतक्या वर्षांच्या सवयीने. डोकं ठणकत होतं, मान दगडासारखी, कानांत धडधड.

"माधवा!" गॅलरीतून आत्या ओरडली. "भांडं कशाला वाजवतो? सुतक हाय घरात."

"मी नाही वाजवलं. मला वाटलं तू..."

ती दारात आली. दोन्ही हात पुढे केले — कापसाने भरलेले. "मी कशाला वाजवू?"

स्वयंपाकघरात तीच जाऊन आली. पेला ओट्यावर पालथा, कोरडा. चमचे ड्रॉवरमध्ये. खिडकी बंद. मी मशिनवर बीपी पाहिलं आणि डॉक्टरांना फोन लावला. "बसूनच राहा," ते म्हणाले. "अजिबात आडवे होऊ नका. आणखी थोडा वेळ झोपला असता तर..."

फोन ठेवून आत्याला चमच्याचं सगळं सांगितलं. ती तशीच खाली बसली. बराच वेळ पदराने डोळे पुसत होती. मग म्हणाली, "गेली तरी पोरीची ड्युटी सुटली नाय रे."

झोपेत सवयीचे आवाज ऐकू येतात, हे मीही वाचलं आहे. माझ्यापुरतं तेवढं पुरलं असतं. पण आत्या टक्क जागी होती. आणि चमच्याची गोष्ट तोपर्यंत तिला कुणी सांगितलेली नव्हती.

त्या दुपारी मी हातांकडे पाहिलं होतं. काटा नव्हता. गोळीचा नाही, भीतीचाही नाही. गोळी सुरू झाल्यापासून असं प्रथमच झालं. का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

चमचा एकदाच वाजला. बरोबरच आहे... जमिनीवरून पाय सोडणार कुठे?

आता पुन्हा पलंगावर झोपतो. सकाळी उठून बसतो आणि थांबतो. पाय सोडतो, पुन्हा थांबतो. अजून काही ऐकू आलेलं नाही. डॉक्टर खूश आहेत. म्हणतात, पेशंट इतका धीर धरत नाहीत. मी कशासाठी थांबतो, ते त्यांना सांगितलेलं नाही.