पाचव्या माळेचे डबे

त्या दिवशी स्वयंपाकघरात आम्ही चौघं होतो. मी, माझी सून, दाराला टेकून उभा माझा मुलगा, आणि डबे बघायला वर आलेली खालच्या मजल्यावरची पंजाबी बाई. पाचवं कुणी नव्हतं.

मुलाची नोकरी उन्हाळ्यात गेली होती. नवीन मिळेना. तसे वाईट दिवस मला नवे नाहीत. नवरा गेला तेव्हा हे पोर दोन वर्षांचं होतं. लोकांच्या लग्नात रांधून त्याला वाढवलं. म्हणून मी दिवस ढकलत होते. पण सून म्हणाली, "मी डबे करते. दिवाळीपर्यंत बघू. जमलं तर दिल्लीत राहू, नाहीतर सामान बांधू." तिनं जन्मात कधी काही विकलं नव्हतं.

नवरात्रात पहिलं मोठं काम आलं. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधल्या बायकांचं दुपारचं कीर्तन. पाचवी माळ, तीस जणी उपासाच्या. सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी.

आदल्या दिवशी सून म्हणाली, "आई, इथला उपास कसा असतो ते खाली विचारून येऊ का?"

मी म्हटलं, "अगं, उपास मला कोण शिकवणार? दोनशे पानांची खिचडी केलीय मी."

ती साबुदाणा भिजवायला लागली.

खिचडी झाली मात्र झकास. दाण्याला दाणा चिकटला नाही. खालची बाई वास घेतच वर आली. "वाह अम्माजी, क्या खुशबू है!" मग तिची नजर ओट्यावरच्या मिठाच्या पुड्याकडे गेली. "ये वाला नमक डाला?"

"हां. नमक ही तो है."

"हाय राम! व्रत में सेंधा नमक डलता है, अम्माजी. इससे तो सबका व्रत टूट जाएगा."

आमच्या गावी उपासालाही रोजचंच मीठ. सैंधव आम्ही पोट दुखलं तर घ्यायचो. समोर तीस डबे भरून उघडे होते.

मुलगा म्हणाला, "कुणाला कळणार आहे? मीठ खारटच लागतं. लावा झाकणं."

मीही म्हणाले, "लाव गं झाकणं." खोटं कशाला सांगू.

सून म्हणाली, "आई, त्या बायका सकाळपासून उपाशी आहेत. त्यांना काय फसवायचं?" आणि तिनं काम देणाऱ्या बाईला फोन लावला. "दीदी, मुझसे गलती हो गई. खिचडी में सादा नमक पड गया. थोडा टाइम दीजिए, दूसरा बनाके लाती हूं."

पलीकडची बाई एवढी ओरडली की दारापर्यंत ऐकू आलं. "धंधा करने निकली हो और व्रत का नमक नहीं मालूम?"

"नहीं मालूम था, दीदी. पूछना चाहिए था."

मुझसे, म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

साबुदाणा पुन्हा भिजवायला वेळ नव्हता. खालची म्हणाली, "समक के चावल बना लो, झट से बनेंगे." विचारलं तर ती निघाली आपली भगर. मुलगा कुणी न सांगताच खाली पळाला, भगर आणि सैंधव घेऊन आला. सुनेनं कढई परत घासली. मग एकेक जिन्नस त्या बाईला दाखवून विचारायची, "भाभीजी, जीरा चलेगा? मूंगफली?" मी मान खाली घालून बटाटे सोलत होते.

रिक्षानं आम्ही दोघी पोचलो तेव्हा आरती झाली होती. सून दारातच उभी राहिली आणि तिनं काय झालं ते सगळं तीस जणींना पुन्हा सांगितलं. मी चपलांपाशी उभी होते. तिच्या जागी मी असते तर पळून आले असते.

दोघी-तिघींनी डबा उघडलाच नाही. बाकीच्या जेवल्या. जिनं काम दिलं होतं तिनं पुन्हा कधी बोलावलं नाही. पण एक जाडशी बाई हात पुसत म्हणाली, "मंगल को मेरे घर भी भेजना. और जो पूछना है, पहले पूछ लेना!" सगळ्या हसल्या. सूनही हसली.

त्या मंगळवारापासून कामं वाढत गेली. दिवाळी त्याच खोल्यांत झाली, आजही तिथंच आहोत. आता कुणाचंही काम आलं की सून आधी विचारते, कांदा चालतो का, लसूण चालतो का, मीठ कुठलं. लाजत नाही. मीही विचारायला शिकले, या वयात.

एकदा मी म्हटलं, "माझं नाव का नाही गं घेतलंस?"

म्हणाली, "आई, धंदा माझा आहे ना? मग चूकही माझी."

तिचं बरोबर असेल. पण माझ्या मनाला ते पटत नाही. हे वाचणारं कुणी त्या क्वार्टरमध्ये राहत असेल, तर त्या बायकांना एवढं सांगा, ते मीठ सासूनं घातलं होतं. सून विचारायला निघाली होती, सासूनंच तिला अडवलं.