साडूंची काळी डबी

कापूरहोळच्या फाट्यावर उतरणाऱ्या दर दोन माणसांतला एक आपलं गुपित चोरायला आलेला आहे, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच असावा, आणि तो नेमका माझा साडू आहे. टायरवाला आणि ढाबा यांच्या मधे त्यांचा एक गाळा आहे. त्याला ते ‘कंपनी’ म्हणतात. पाटीवरही बरीच वर्षं तेवढंच होतं, ‘कंपनी’. कसली, ते नाही. “कसली ते लिव्हलं की संपलं, साडूभाऊ,” असं ते मला दबक्या आवाजात म्हणाले होते. एका जागी पाच मिनिटं बसणं त्यांना माहीतच नाही. बोलता बोलता शटर अर्धं ओढतील, पुन्हा वर ढकलतील, एसटीतून कोण उतरलं ते बघून येतील. त्यांच्याकडे बघताना माझा चहा गार होतो आणि मान दुखते.

त्यांनी बनवलेली डबी मात्र खरोखर गुणाची. वेल्ह्याच्या डोंगरात मोबाईलला रेंज नाही. पंप खाली ओढ्यात आणि घर वर टेकाडावर. ओढ्याचं पाणी आटलं की ही डबी पंप बंद करते आणि वर घरात घंटी वाजवते, म्हणून मोटार जळत नाही. हे डोकं सर्वस्वी साडूंचं. पण ते कुणाला कळू नये म्हणून आतल्या सुट्या भागांवरचे नंबर ते पॉलिश पेपरनं घासून टाकत आणि वरून काळा लेप ओतून डबीचा पार दगड करत. बिघडली की पिशवीत घालून एसटीनं कापूरहोळला आणायची आणि बदलून न्यायची, दुसरा मार्ग नाही. पानशेतच्या फार्महाऊसवाल्यांनी ढीगभर डब्या मागितल्या, पण दोन हातांनी होऊन होऊन किती होणार? माझी मेव्हणी एकदा म्हणाली, “दोन माणसं ठिवा, शिकवा त्यांना. कंपनी वाढंल.” त्यानंतर आठवडाभर साडू तिच्यासमोर आपली वहीसुद्धा उघडेनात.

त्या वहीत डबीच्या जोडणीचे नकाशे होते, आणि प्रत्येक नकाशात एक तार मुद्दाम चुकीची काढलेली होती. “चोर वही नेईल, पर डबी चालायची न्हाई त्याची!” हे सांगताना ते लहान मुलासारखे खूश व्हायचे.

यंदा ऐन लावणीत पावसानं ओढ दिली, पंप दिवसरात्र चालू झाले आणि वेल्ह्याकडच्या पासली गावातल्या डब्या एकामागून एक बंद पडू लागल्या. एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला: डब्या परत घेऊन जा. पासलीनं परत केल्या की पानशेतवालेही फिरणार आणि शटर कायमचं खाली येणार, हे सरळ होतं. साडू नवी डबी डोळे मिटून जोडत, पण बिघाड शोधायचा तर नकाशा हवा. त्यांनी वही उघडली. मुद्दाम केलेली चूक कोणती, तेच त्यांना आठवेना! वर्षानुवर्षं चुकांवर नव्या चुका चढवलेल्या. एका डबीतून धूर निघाला, दुसरीतून तोही नाही. “साडूभाऊ, मी लईच हुशार निघालो हो,” म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले. डब्या परत आणायला मी गाडी काढली. पासलीपर्यंत ते दर वळणावर ‘थांबा’ म्हणत आणि थांबलो की ‘चला’ म्हणत.

पासलीत पीठगिरणी चालवणाऱ्या एक मावशी आहेत. गिरणीची मोटार त्या स्वतःच उघडतात. बंद डब्या त्यांच्याच गिरणीत जमा होत्या. आम्ही आत पाऊल टाकलं आणि साडू जागीच थिजले. भिंतीवर कोळशानं त्यांच्या डबीचा अख्खा नकाशा काढलेला होता. मावशींनी लेप निखाऱ्यावर ऊन करून विळ्यानं खरवडला होता.

“लेपाखाली दमटपणा कोंडून ही तार सडती,” मावशी बोट ठेवून म्हणाल्या. “ती बदलली की झालं. समद्यांना दिसावं म्हून भिंतीवर काढलं.”

“मावशी, ही माजी कंपनी हाय!”

“असंल की. लावणीला रोप उरलं तर आमी बांधावर ठिवतो, भाऊ. ज्याला कमी पडंल त्यानं न्यावं. ठिवून पिवळंच पडतं.”

“रोप आन् डबी एकच का?”

“न्हाई. रोप आमी फुकट देतो. तुमची डबी इकत घेतली, आन् बंद पडली.”

मला वाटलं, आता हे भिंत पुसणार. पुढे गेलेही. मग खिशातून चष्मा काढला, वही उघडली आणि स्वतःचाच नकाशा भिंतीवरून मुकाट्यानं उतरवून घेऊ लागले. मधेच थांबून त्यांनी मावशींकडे कोळसा मागितला, एक तार दुरुस्त केली आणि खाली लिहिलं: शंका असल्यास कापूरहोळला यावे.

आता लेप बंद झाला आहे. मावशी आणि त्यांच्या शेजारणी गिरणीतच डब्या जोडतात, पानशेतचं काम वेळेत गेलं, पाटीवर कंपनी कसली तेही आलं. फक्त शंका घेऊन कापूरहोळला कुणी येत नाही. ज्यानं त्यानं आपली डबी घरीच नीट केलेली असते. साडू अजून प्रत्येक एसटीला बाहेर जातात. पूर्वी चोर बघायला जायचे, आता पिशवी घेऊन कुणी उतरतंय का ते बघतात.

परवा त्यांनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, “पासलीत कुणाची डबी बंद पडली का हो?”

एकही पडली नव्हती. मी म्हटलं, “एक आहे म्हणतात.”

मी गाडीची किल्ली शोधेपर्यंत ते हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन गाडीत जाऊन बसले होते. अगदी स्वस्थ.