देवमननं निवडलेलं पुस्तक

देवमन पहिल्यांदा माझ्याकडे आला तो एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात. मी मंगरूळपीरच्या हायस्कुलात गणित शिकवत होतो. तो गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत डिझेल इंजिनावर होता. आसेगावचा, बौद्ध घरातला, आयटीआय झालेला. वय तिशीच्या आसपास. शाळेला सुट्टी लागली होती आणि मी वऱ्हांड्यात निकालाचे कागद पाहत बसलो होतो. तो पायरीखाली चपला काढून उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"मास्तर, मले एक पुस्तक निवडून पाह्यजे," तो म्हणाला आणि खिशातून सिगारेटच्या पाकिटाचा फाडलेला पुठ्ठा काढला. त्यावर तीन इंग्रजी पुस्तकांची नावं होती.

फॅक्टरीचं इंजीन त्या मोसमात एका वेगावर ठरत नव्हतं. वेग वाढायचा, पडायचा, पुन्हा वाढायचा. वेग सांभाळायला इंजिनाला गव्हर्नर असतो. वेग पडला की तो डिझेल वाढवतो, चढला की कमी करतो. मग गव्हर्नर असून हे काहून होते, असं देवमननं अकोल्याहून आलेल्या इंजिनिअरला विचारलं. त्यानं सांगितलं, याला हंटिंग म्हणतात, आणि याचं कारण कंट्रोल थिअरीत सापडतं, तुझ्या कामाचं नाही. देवमन हटला नाही तेव्हा हसत हसत त्यानं ही नावं लिहून दिली.

"त्यानं नाव सांगितलं, कारण नाई सांगितलं," देवमन म्हणाला. "अन् तीन पुस्तकं वाचाले मले जनम पुरणार नाई. कोणतं एक घेऊ, ते तुमी सांगा."

मी ती पुस्तकं पाहिलेली नव्हती. पण गणित माझा विषय होता आणि माझ्याकडे असं विचारत कोणी कधी आलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात आम्ही एसटीनं अमरावतीला गेलो. इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत माझ्या ओळखीचे एक जण होते, त्यांनी आम्हाला दुपारभर बसू दिलं.

पहिलं पुस्तक जाडजूड अमेरिकन होतं. सुरुवातच मॅट्रिक्सपासून, रेषीय प्रणालींची सगळी सिद्धता ओळीनं मांडलेली. मला ते इतकं आवडलं की मी तिथंच दहा पानं वाचून काढली. दुसरं जुनं, इंग्लंडात छापलेलं होतं. त्यात पाण्याची टाकी, तिच्यात तरंगणारा गोळा, वाफेचं इंजीन अशी चित्रं होती आणि गणित त्यांच्या मागून येत होतं. तिसरं आपल्याकडच्या एका प्राध्यापकाचं, परीक्षेचे प्रश्न आणि त्यांची सोडवलेली उत्तरं.

देवमनची तपासायची रीत वेगळी होती. त्यानं प्रत्येक पुस्तकाच्या शेवटची सूची उघडली आणि बोट फिरवत एकच शब्द शोधला, गव्हर्नर. पहिल्यात तो एका ओळीत होता. तिसऱ्यात चित्र होतं, खाली सूत्र होतं, बाकी काही नाही. दुसऱ्यात पूर्ण प्रकरण होतं.

"हे घेतो," तो म्हणाला.

मी त्याला समजावलं. त्या पुस्तकातल्या सिद्धता अर्धवट आहेत, पाया पहिल्यानंच पक्का होईल. मला थोडा रागही आला होता. माझं मत विचारायला आलेला माणूस माझं ऐकत नव्हता.

"तुमचं बरोबर असन, मास्तर. पण मले गणितवाला नाई व्हायचं. मायं इंजीन कोणत्या पुस्तकात हाये, तेवढंच मी पाह्यलं."

नागपूरच्या दुकानदाराला पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी त्या पुस्तकाची विद्यार्थ्यांसाठीची स्वस्त आवृत्ती पोस्टानं आली.

पावसाळ्यात जिनिंग बंद असते. इंजिनाची डागडुजी सांभाळून देवमन दर रविवारी दुपारी शाळेत यायचा. त्याचं इंग्रजी कच्चं होतं, कलनशास्त्र त्याला माहीत नव्हतं. पहिले सहा महिने आम्ही पुस्तक उघडलंच नाही, नुसतं गणित केलं. तो हळू शिकायचा, पण शिकलेलं सोडायचा नाही. दुसऱ्या पावसाळ्यात आम्ही त्या प्रकरणाशी पोचलो. एका रविवारी समीकरण सुटलं आणि उत्तरात वाढत जाणारी झोकांडी निघाली.

"हे त नव्या गाडीवानासारखं हाये," तो म्हणाला. "गाडी डाव्या अंगाले गेल्यावर तो उशिरा कासरा ओढते, अन् जादा ओढते. मंग गाडी उजव्या अंगाले जाते. पुन्हा उशीर, पुन्हा जादा. शेवटी गाडी नालीत."

मी वर्षभर त्याला सूत्रं शिकवत होतो. त्यांचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

त्या हिवाळ्यात मोसम सुरू झाल्यावर त्यानं इंजिनापाशी वही ठेवली. दर तासाला वेग लिहायचा, गव्हर्नरची चित्रं काढायचा. त्याला दोन गोष्टी सापडल्या. गव्हर्नरचा झोका मोडायला तेलाची एक नळी असते, तिचा दट्ट्या झिजला होता. आणि वेग वाढावा म्हणून कोणीतरी मूळची स्प्रिंग काढून दुसरी, भलतीच टणक बसवली होती. ती मॅनेजर मदनसिंग यांच्या सांगण्यावरून बसली होती, हे फॅक्टरीत सगळ्यांना माहीत होतं. देवमननं त्यांना अर्ज लिहिला: चार दिवस इंजीन बंद ठेवा, दोन्ही वस्तू कंपनीतून मागवा, नाहीतर यंत्रं फिरवणारा पट्टा उडेल. अर्जाचं इंग्रजी मी तपासून दिलं होतं.

"फाटकावर कापसाच्या गाड्या पाहून राह्यला ना?" मदनसिंग म्हणाले. "होळी झाल्यावर पाहू."

जानेवारी शहात्तरमध्ये, सकाळी साडेदहाच्या सुमारास, इंजिनाचा वेग एकदम चढला. देवमन डिझेल तोडायला धावला, पण तोवर मुख्य पट्टा पुलीवरून सुटून जोडावर फाटला आणि त्याचं टोक सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या रांगेत गेलं. तिथं बाया कापूस टाकत होत्या. चंपाबाईच्या मानेवर तो बसला. दवाखान्यात नेताना वाटेतच ती गेली. ती आसेगावची, देवमनच्या गल्लीतली. तिला कामावर त्यानंच लावलं होतं.

चौकशी आठ दिवसांनी झाली. अर्ज फॅक्टरीच्या फायलीत नव्हता. देवमननं त्याची नक्कल ठेवली नव्हती, मीही त्याला ठेव म्हटलं नव्हतं. वही मात्र सापडली. तिच्यात गव्हर्नरची चित्रं होती, सैल स्प्रिंग, ताठ स्प्रिंग, आणि पानंच्या पानं समीकरणं. मदनसिंग यांनी सांगितलं की हा माणूस पुस्तक वाचून चालत्या इंजिनावर प्रयोग करत होता, स्प्रिंग त्यानंच बदलली. पुस्तकही त्यांनी टेबलावर ठेवलं.

मला बोलावलं गेलं. फॅक्टरीचे मालक आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष होते. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. तपासायला आलेल्या साहेबांनी वही माझ्यापुढे सरकवली.

"यावरून या माणसानं काय केलं, हे सांगता येईल?"

ते सांगता येत होतं. त्या वहीत बिघाड शोधलेला होता, केलेला नव्हता. तारखा पाहिल्या असत्या तर कोणालाही दिसलं असतं की झोकांडी आधीची आणि चित्रं नंतरची. अर्ज मी स्वतः वाचला होता. देवमन भिंतीशी उभा होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता, मी खरं ते सांगेन याची त्याला खात्री असावी.

मी म्हणालो, "गणित बरोबर आहे. इंजिनाचं मला कळत नाही."

"आणखी काही?"

"नाही."

देवमनला कामावरून काढलं. हयगयीनं मृत्यू घडवला म्हणून खटला झाला आणि वर्षभरानं त्याला सहा महिन्यांची सजा लागली. खटल्यात मला कोणी बोलावलं नाही, मी आपणहून गेलो नाही. दरम्यान पावसाळ्यात फॅक्टरीनं नवा गव्हर्नर बसवला, हे मी ऐकलं.

तो तुरुंगात असताना त्याची बायको लिलाबाई माझ्या घरी आली. दारातच उभी राहिली.

"वकील म्हणते, अपील करता येते. तुमी त्या अर्जाचं लिहून द्यान का?"

मी लिहून दिलं. चार पानं लिहिली, सगळं लिहिलं. वकिलानं ती वाचली आणि विचारलं की हे चौकशीत का सांगितलं नाही. अपिलाची तारीख लागायच्या आतच देवमनची सजा भोगून झाली.

अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमध्ये मी आसेगावला गेलो. तो रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडत होता. खूप उतरला होता. मला पाहून त्यानं हातोडा खाली ठेवला, पण उठला नाही. मी बोलायला लागलो तर त्यानं थांबवलं.

"त्या दिवशी मले धड आयकू आलं नव्हतं, मास्तर. साहेबानं काय इचारलं अन् तुमी काय सांगितलं, तेवढं सांगा."

मी शब्दाला शब्द सांगितलं. त्यानं मान हलवली.

"मंग तुमी खोटं नाई बोलले," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला तिथं उभं राहता आलं असतं. मग तो म्हणाला, "चंपामावशीच्या घरच्यांले आजबी वाटते, मीच केलं. माया मायलेबी वाटते. ती म्हनते, पुस्तकाच्या नादानं गेली बाई."

मी म्हणालो, मी त्यांना सांगतो, आत्ता चल.

"नका सांगू. ते तुमचं आयकतीन, मंग मले इचारतीन की मास्तरले ठाव व्हतं त गप्प काहून बसले. त्याचं मी काय सांगू?"

मुकादमानं हाक दिली. देवमननं हातोडा उचलला आणि पुढचा दगड ओढून घेतला. मी एसटीच्या थांब्यापर्यंत चालत आलो.

पुढच्या वर्षी तो बायकामुलांना घेऊन भुसावळकडे निघून गेला. मी दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. मी त्याच शाळेत आणखी एकोणीस वर्षं शिकवलं.