फिरणारा कागद

चेन्नईजवळच्या अंबत्तूरमधल्या एका लहानशा कंपनीत मी लागलो, तेव्हा आमच्या घरातला मी पहिलाच पदवीधर होतो; पण नोकरी अजून कायम झाली नव्हती. आम्ही लोकांचा चित्रकलेचा हात सुधारणारा प्रोग्राम तयार करत होतो. पाटीसारख्या टॅब्लेटवर पेनाने गोल काढायचा. समोरच्या संगणकाच्या पडद्यावर आपली रेघ निळी आणि खरा गोल लाल दिसे. सरावाने निळी रेघ लालकडे सरकायला हवी होती. ऑफिसात कुणाचीच सरकेना. साहेबांनी बजावलं, "सोमवारी ग्राहक येतोय. एक तरी सुधारलेला हात दाखवा, नाहीतर हे काम बंद." काम बंद म्हणजे मी परत गावी.

चूक आमच्या हातात की प्रोग्राममध्ये, हे कळावं म्हणून मी घरमालकांना घेऊन आलो. ते तंजावरकडचे मराठी, निवृत्त ड्राफ्ट्समन. खडूने, कंपासाशिवाय, अचूक गोल काढायचे. इथे मात्र पडद्यावर भलतंच उमटलं.

"मामा, हा तर वडा झाला!" शेजारच्या टेबलावरचा मित्र हसला.

"अय्यो, हसू नको पा! कागद फिरविला तर हा फिरत नाही की!"

तेव्हा मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. प्रत्येक वळणाला ते टॅब्लेट फिरवत होते, पडद्यावरचं चित्र मात्र जागचं हलत नव्हतं. मला शाळा आठवली. मीही वही फिरवूनच चित्र काढायचो आणि सरांचा ओरडा खायचो. मनगट ज्या बाजूला सहज वळतं, तिकडेच रेघ सरळ जाते. एवढी साधी गोष्ट आम्हा कुणाच्या डोक्यात आली नव्हती!

दोन दिवस खपून मी चित्र फिरवणारी दोन बटणं बसवली. मामांची निळी रेघ पहिल्याच फटक्यात लाल रेघेवर बसली. मग मी स्वतः सरावाला बसलो, कारण ऑफिसात सगळ्यात वाईट हात माझाच होता. मामा शेजारी बसून म्हणत, "सावकाश. आधी फिरव, मग ओढ." शनिवारी माझा गोल जरा चपटा येत होता, रविवारी तो बराच गोल झाला. मी उठून टाळ्या वाजवल्या.

सोमवारी ग्राहकासमोर माझे आधीचे वाकडे गोल दाखवले आणि ताजा एक काढला. निळी रेघ लाल रेघेत जवळजवळ दिसेनाशी झाली. ग्राहकाने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली. त्याचे चार गोल मी मोजले. पाचवा लाल रेघेच्या जवळ आला, तसा तो स्वतःशीच हसला.

साहेब माझ्याकडे वळले. "आता लंबगोलाचा सराव कधी देतोस?"

"या आठवड्यातच, सर!" मी जवळजवळ ओरडलोच.